कुणाला कळलंही नाही

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने सामान उतरवताना आरशाचा कोपरा उडवला, कपाट आधी आत आलं आणि त्याचं दार मागाहून आलं, तरी आज कुणी कुणावर चिडलं नाही. इतके महिने मेव्हण्याच्या घरी एका खोलीत तिघांनी काढल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा म्हणजे आम्हाला राजवाडाच. मेव्हणा माणूस वाईट नाही. पण जावई नोकरी जाऊन घरी येऊन बसला की सासरची माणसं कशी हळू आवाजात बोलायला लागतात, ते मी पुरतं पाहून घेतलं आहे. आता ते संपलं.

जलशुद्धीकरण केंद्र वस्तीपासून बरंच लांब आहे. कुंपणाच्या आत पाण्याच्या मोठाल्या टाक्या, पंपघर, साहेबांचं ऑफिस, त्याला लागून सर्व्हरची खोली आणि पार टोकाला आमचं क्वार्टर. हिने आल्या आल्या स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर नुसती फुसफुस. अख्ख्या शहराला पाणी पाजणाऱ्यांच्या घरात नळ कोरडा, असं म्हणून ही ओट्याला टेकून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसत म्हणाली, घ्या, आलं पाणी.

भिंगरी तोवर सगळ्या खोल्यांतून तीनदा पळून आली होती. सात वर्षांची झाली तरी एका जागी बसणं तिला ठाऊक नाही, म्हणून तर हे नाव पडलं. तिचा खालचा पुढचा दात हलतो आहे. दिवसभर जिभेने ढकलत असते. दात पडला की ती आधी कुणाला दाखवणार यावर हिची आणि माझी पैज लागली आहे. भिंगरी दोघांकडून लाच घेते आहे आणि दोघांनाही हो म्हणते आहे.

संध्याकाळी साहेब स्वतः भेटायला आले. इथले सर्वेसर्वा तेच. उंच, सावकाश बोलणारे, निवृत्तीला आलेले. म्हणाले की नेटवर्कवाल्याची जागा नवीनच मंजूर झाली आहे, तुम्हीच पहिले.

मंगळवार, ५ तारीख

आज काम नीट समजून घेतलं. गेल्या वर्षी पंपघराकडे जाणारी तार उंदरांनी कुरतडली आणि दुपारभर पंपांचे आकडे ऑफिसात दिसेनात. अर्ध्या शहराला पाणी गेलं नाही, साहेबांना वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं आहे की प्रत्येक ठिकाणी एकाच्या दोन तारा करायच्या. इकडचा स्विच, म्हणजे सगळ्या तारा येऊन मिळतात ती पेटी, आणि तिकडचा स्विच यांच्यामध्ये दोन तारा, आणि दोन्ही स्विचनी त्या दोन मिळून एकच आहे असं मानायचं. याला लिंक अ‍ॅग्रिगेशन म्हणतात. ही म्हणाली की नावावरून एखादं दुखणं वाटतं. मग मी सोपं करून सांगितलं, जड पिंप दोघांनी मिळून उचललं तर एकाचा हात सुटला तरी दुसरा सांभाळून घेतो. त्यावर हिने विचारलं की मग त्या दुसऱ्याच्या कंबरेचं काय. हिला नको तेव्हा नेमके प्रश्न सुचतात.

पूर्वी हे सगळं आज्ञा टाइप करून करावं लागे. आता पडद्यावर चक्क नकाशा येतो. प्रत्येक स्विच म्हणजे एक चौकट, चौकटीत पोर्टांचे, म्हणजे तारा खोचायच्या भोकांचे, छोटे ठिपके, जिवंत तो हिरवा, मेलेला तो करडा. दोन ठिपके माउसने निवडायचे, ‘ग्रुप करा’ म्हणायचं, की दोन बारीक रेघांची एक जाड रेघ होते. फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी दोन्हीकडे ग्रुप, मग दुसरी तार खोचायची. उलटं केलं तर एका तारेतून गेलेला निरोप दुसरीतून परत येतो, परत जातो, परत येतो, आणि बघता बघता सगळं केंद्र ठप्प होतं.

इथली एक रीत मला फार आवडली. तारांना नंबर नाहीत, माणसं आहेत. तार ओढताना सर्व्हरच्या खोलीतल्या या टोकाला नेटवर्कवाला असतो, आणि पलीकडचं टोक ज्याने धरलं त्याचं नाव तारेच्या टॅगवर लिहायचं. नकाशातही तेच. साहेब म्हणाले, आकडे विसरतात, माणूस विसरत नाही. जुन्या टॅगवरचं अक्षर रेखीव आहे. मी विचारलं की मी पहिलाच, तर हे कुणी लिहिलं. साहेब आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, मीच लिहिलं असेल की.

नकाशात एक जाड रेघ आधीपासून आहे, सर्व्हरच्या खोलीतून साहेबांच्या ऑफिसात जाणारी. तिच्यात दोन तारा. एक हिरवी, नाव ‘साहेब’. दुसरी करडी, नाव ‘नेटवर्कवाला’. कुणी कंत्राटदार येऊन गेला असेल.

गुरुवार, ७ तारीख

पंपघर झालं! आणि करमणूकही भरपूर झाली. पंपघरात दोन पंपवाले आहेत, एकमेकांचे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. सगळे त्यांना थोरले साडू आणि धाकटे साडू म्हणतात. थोरले सतत कुरकुरतात, धाकटे सतत गुणगुणतात, आणि दोघं मिळून सतत भांडतात. पंप ठीक चालला आहे का हे धाकटे पान्याने पाइपवर दोनदा ठोकून कानाने ऐकतात, आणि थोरले दर वेळी म्हणतात की पाइप काय दार आहे का ठोकायला.

दोघांनी एकेका तारेचं टोक धरलं. इकडे मी ओढत होतो. टॅग लावले, दोन्हीकडे ग्रुप केला, मग दुसरी तार खोचली. सगळं क्रमाने.

शेवटी चाचणी. नेटवर्कवाल्यांचा हा जुना शिरस्ता आहे, चालू कामात एक तार उपसायची आणि कुणाला कळतं का ते बघायचं. मी धाकट्यांची उपसली. पंपांचे आकडे जागचे हलले नाहीत. धाकट्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, माझीच बरी काढलीत, त्यांची काढायला भीती वाटते का? साहेब मात्र पडद्यासमोर उभे राहून खूश झाले. म्हणाले, वा, कुणाला कळलंही नाही! तार परत खोचली, ठिपका पुन्हा हिरवा झाला.

शुक्रवार, ८ तारीख

साहेबांची इच्छा की काही बिघडलं तर इशारा देणारा एक पडदा माझ्या घरीही असावा. म्हणजे क्वार्टरलाही दोन तारा. पलीकडची टोकं धरायला आज कुणी मोकळं नव्हतं, म्हणून व्हरांड्यात आमचीच फौज उभी केली. एक टोक हिच्या हातात, एक भिंगरीच्या. भिंगरीला वाटलं रस्सीखेच आहे, तिने अशी ओढली की इकडे माझ्या हाताला चटका बसला. हिने फर्मावलं की टॅगवर नाव नीट लिहा, घरावर नाही तर नाही, तारेवर तरी माझी पाटी लागू दे. ‘भिंगरी’ आणि ‘भिंगरीची आई’ असे दोन टॅग लावले.

ग्रुप केला, एक तार उपसून पाहिली, परत खोचली. दोघी व्हरांड्यात पडदा बघत होत्या, त्यांना काहीच कळलं नाही. सगळं काम चहाच्या आत उरकलं.

रविवार, १० तारीख

आज सुट्टी. टाक्यांच्या कडेने तिघं फिरलो. ही म्हणाली की इथे तिला पहिल्यांदा आपलं घर असल्यासारखं वाटतं आहे. ती असं सहसा म्हणत नाही. मलाही वाटतं आहे. दात अजून पडलेला नाही, पण आता पुढेमागे झुलतो.

मंगळवार, १२ तारीख

आज जे झालं ते लिहिताना मलाच खुळ्यासारखं वाटतं आहे.

सकाळी नकाशात पंपघराच्या जाड रेघेतला एक ठिपका करडा दिसला. ‘धाकटे साडू.’ माउस नेला तर अक्षरं आली: दुसऱ्या टोकाकडून उत्तर नाही. जाड रेघ मात्र हिरवीगार आणि वर ‘सर्व ठीक’. तार ढिली असेल म्हणून पंपघरात गेलो. थोरले एकटेच होते. धाकटे कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाले कोण धाकटे. मी म्हटलं, तुमचे साडू. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले की मला कुठला साडू, मेहुणीचं तर लग्नच व्हायचं आहे अजून.

मला वाटलं दोघांचं भांडण विकोपाला गेलं असेल. तेवढ्यात थोरल्यांनी पाना उचलला, पाइपवर दोनदा ठोकला आणि कान लावला. मग स्वतःच कुरकुरले की पाइप काय दार आहे का. आणि लगेच गुणगुणायला लागले.

दुपारी त्यांनी दोन डबे उघडले आणि दोन्ही संपवले. डोळ्यांखाली काळं आलं होतं. म्हणाले, एकट्याने दोन पाळ्या करायच्या म्हणजे भूक लागतेच. किती दिवस एकटे करता, असं विचारलं तर म्हणाले पहिल्यापासून.

साहेबांना विचारलं. पंपघरात एकच माणूस आहे, नेहमीच होता, असं ते म्हणाले. घरी हिला विचारलं, भिंगरीला विचारलं. भिंगरी त्या धाकट्यांकडून गुरुवारी खारे शेंगदाणे घेऊन आली होती. तिलाही आठवत नाही.

मला एकट्यालाच आठवतं आहे.

बुधवार, १३ तारीख

रात्रभर डोक्यात तेच होतं. आज सकाळी सर्व्हरच्या खोलीत बसून नकाशाकडे बघता बघता लागलं एकाला एक.

‘नेटवर्कवाला’ ही करडी तार. ती कुणा कंत्राटदाराची नाही. माझ्या आधी इथे एक माणूस होता. त्याचं काम साहेब करतात, त्याच्या अक्षरात टॅग लिहितात आणि त्यांना ठाऊकही नाही. एकाचा हात सुटला, दुसरा ओझं उचलतो आहे, पिंप खाली पडत नाही. पिंपाला काय कळतं?

मला धाकटे आठवतात ते त्यांच्या तारेचं इकडचं टोक माझ्या हातात होतं म्हणून. दुसरं काही कारण मला सुचत नाही.

आणि गेले ते धाकटेच. ज्यांची तार मी चाचणीला उपसली होती.

हे कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि तारांच्या कपाटापुढे गेलो. शुक्रवारी मी क्वार्टरचीही चाचणी घेतली. एक तार उपसली. कुठली? मी टॅग बघितला नाही. हाताला आली ती काढली, दोन सेकंदांत परत लावली, चहा थांबला होता म्हणून. हिची होती की भिंगरीची, मला माहीत नाही. डोळे मिटून हात पुन्हा पुन्हा त्या कपाटापुढे नेऊन पाहिला, डावीकडे गेला होता की उजवीकडे. आठवत नाही. ज्याला धाकटे आठवतात त्याला हे आठवत नाही!

ग्रुप मोडायला गेलो तर पडद्यावर सूचना येते: आधी एक तार काढा. बरोबरच आहे, दोन्ही लागलेल्या असताना ग्रुप मोडला तर सगळं गोल गोल फिरायला लागेल. पण एक म्हणजे कुठली काढू? आणि दोन्ही काढल्या तर? दोन्ही करड्या झाल्या तर?

घरी जाऊन हिला सगळं सांगितलं. आधी हसली. मग माझा चेहरा बघितला आणि हसायची थांबली. उद्या सकाळच्या बसने निघायचं. नोकरी गेली खड्ड्यात. ही बॅगा भरते आहे, भिंगरी बॅगेवर उड्या मारून ती बंद करायला मदत करते आहे. मेव्हण्याकडे परत जायचं म्हणून मला आज आनंद होतो आहे, काय सांगावं.

गुरुवार, १४ तारीख

सकाळी जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने. कुणीतरी म्हणत होतं, अहो, उठा आता, चहा निवतोय.

शब्द हिचे. आवाज भिंगरीचा.

स्टुलावर उभी राहून ती चहा गाळत होती. बोट भाजलं होतं, त्यावर पीठ लावलं होतं, हिच्यासारखंच. मी विचारलं आई कुठे. तिने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले आणि म्हणाली, सकाळी सकाळी काय हो, चहा घ्या. मग तिचं तोंड एकदम लहान झालं आणि तिने विचारलं, बाबा, आई म्हणजे कुणाची?

दाराशी हिच्या चपला नाहीत. कपाटात हिचे कपडे नाहीत, दांडीवर रिकामे हँगरसुद्धा नाहीत. काल दोन बॅगा भरल्या होत्या. एकच आहे.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. स्टुलावर भिंगरी दिसली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की भिंगरी आहे. बरं झालं, भिंगरी आहे. हिचा विचार त्यानंतर आला.

सर्व्हरच्या खोलीत गेलो. ‘भिंगरीची आई’. करडा. दुसऱ्या टोकाकडून उत्तर नाही. तार काढली, पुसली, परत खोचली. दोन्हीकडची टोकं कापून नवी बसवली. तार अखंड आहे, कुठे काही तुटलेलं नाही. वर हिरव्या अक्षरांत ‘सर्व ठीक’.

शुक्रवार, १५ तारीख

भिंगरीला घेऊन निघालो. फाटकाच्या बाहेर दहा पावलं गेलो असू, ती बोलता बोलता थांबली. नुसती गप्प नाही. उघडे डोळे, अर्धं उघडं तोंड, उचललेला पाय तसाच. हाक मारली, हलवलं, रडलो. अंगाला ऊब होती, पण आत कुणी नव्हतं. कडेवर घेऊन परत पळालो. व्हरांड्याची पायरी चढलो आणि तिने अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं: ...आणि खिडकीजवळ मी बसणार.

आम्ही कुठे गेलो होतो हे तिला माहीत नाही. तिची तार कुंपणाच्या आत आहे, तिला बाहेर नेता येणार नाही.

मेव्हण्याला फोन केला. बहिणीबद्दल विचारलं. तो म्हणाला की मला बहीण नाही, आपण कोण बोलता.

शनिवार, १६ तारीख

तिच्याच्याने होत नाही. दोघींचं सगळं ती एकटी करते. एका हाताने भाजी ढवळते, दुसऱ्या हाताने बाहुलीला झोपवते. मी काम हातातून घेतलं तर रडते, म्हणते ते माझं आहे. घेतलं तरी उपयोग होत नाही, दमायची ती दमतेच. माझ्यावर हिच्यासारखी चिडते आणि मग स्वतःच घाबरून माझ्या मांडीत येऊन बसते. कंबर दुखते म्हणाली. सात वर्षांची पोर, कंबर दुखते म्हणाली.

ही पहिल्याच दिवशी विचारत होती ना, त्या दुसऱ्याच्या कंबरेचं काय. मी हसण्यावारी नेलं.

सोमवार, १८ तारीख

एक उपाय आहे. ग्रुपमध्ये दोनच तारा असाव्यात असं कुठे आहे? तिसरी घालता येते. ओझं वाटलं जाईल.

तिसरी माझी.

पलीकडचं टोक मी स्वतः धरायला हवं, तरच ती माझी. मग इकडचं कोण धरणार? साहेब मीटिंगला, थोरले पंपाला जखडलेले. भिंगरीला धरायला सांगणार नाही, तिच्या हातात आता आणखी काही देणार नाही. कपाटाच्या कडीला टोक बांधलं आणि व्हरांड्यात जाऊन मीच ओढली. टॅगवर लिहिलं ‘नेटवर्कवाला’. आधी पडद्यावर दोन्हीकडे ग्रुपमध्ये घेतली, मग खोचली. ठिपका हिरवा.

घरी आलो. ओट्यापाशी गेलो आणि माझे हात आपोआप कणीक मळायला लागले, बरोबर हिच्यासारखी, कडेने पाणी सोडत. मी जन्मात कणीक मळलेली नाही. भिंगरी बघत उभी राहिली, मग हातातला झारा टाकून अंगणात पळाली. पळाली! किती दिवसांनी. मी कणकेचे हात तोंडावर धरून रडलो. हिचं काहीतरी माझ्या हातात आलं होतं.

चाचणी घेतली नाही. कधीच घेणार नाही.

मंगळवार, १९ तारीख

बरा दिवस. दोघं मिळून भांडी घासली. मला दोरीवरच्या उड्या माराव्याशा वाटल्या, मारल्याही. भिंगरी हसून हसून लोळली. दात एका धाग्यावर आहे. तो आता मलाच दाखवणार, दुसरं आहे कोण, असं म्हणाली. पैज मी जिंकलो. अशी नको होती.

बुधवार, २० तारीख

दुपारी सर्व्हरच्या खोलीत गेलो तर साहेब कपाटापुढे उभे. चेहरा खुलला होता. म्हणाले की क्वार्टरला तिसरी तार टाकलीत ते नकाशात पाहिलं, छान काम, पण चाचणी राहिली होती तुमची. शिरस्ता मोडू नये. मीच घेतली. एक उपसून परत लावली.

म्हणाले, कुणाला कळलंही नाही!

मी त्यांचे दंड धरले. कुठली, म्हणून विचारलं. करडी सोडून दोन होत्या, त्यातली कुठली? त्यांना माझं बोलणं कळेना. किती वेळा विचारलं. टॅग नाही बघितला, म्हणाले. हाताला आली ती.

गुरुवार, २१ तारीख

दोन्ही हिरव्या आहेत. आज दोन्ही हिरव्या आहेत.

काय मागू? भिंगरी गेली तर मी तो मागचा गुरुवार पुन्हा एकदा बघणार, या वेळी स्टूल रिकामं असलेला. मी गेलो तर तिघांचं ओझं तिच्या एकटीच्या अंगावर. आणि माझ्या तारेचं इकडचं टोक कुणीच धरलं नव्हतं. कडीला बांधलं होतं. कडीला काय आठवणार?

साहेबांना सांगितलं, की हे सगळं बंद करा. म्हणाले विश्रांती घ्या. जाताना टॅगची पट्टी उचलून त्यावरचं माझं अक्षर बघत राहिले.

शनिवार, २३ तारीख

तिला शिकवतो आहे. गॅस असा बंद करायचा. दाराला आतून कडी. कुणी विचारलं तर बाबा आहेत म्हणायचं. ती हो हो करते आणि जिभेने दात ढकलते. विचारलं तर म्हणते सगळं येतं मला.

कंबर दुखते का विचारलं. नाही म्हणाली. दोघं आहोत ना, म्हणाली.

रविवार, २४ तारीख

हिचा चेहरा आठवतो. ओट्याला टेकून हसलेली. तेवढा अजून—

भिंगरी समोर झोपली आहे. सारखा हात लावून बघतो. ऊब आहे. सर्व्हरच्या खोलीत जाऊन ठिपके बघायचे नाहीत, असं ठरवलं होतं. तरी जाऊन आलो. त्यातला एक लुकलुकतो आहे. नाव वाचायला वाकलो आणि—

नाही वाचलं. परत आलो. तिच्याजवळ बसतो. हात धरून ठेवला आहे. एका हाताने लिहितो आहे म्हणून अक्षर—

भिंगरे, सोडू नको हं. मी पण नाही—

सोमवार, २५ तारीख

आज हवा छान आहे. सकाळी उठून चहा केला. दोन कप का काढले कोण जाणे, एक परत ठेवला. नळाला पाणी नव्हतं, त्याचं खूप हसू आलं. मग रडूही आलं, कशाचं ते कळलं नाही.

सर्व्हरच्या खोलीत वेळेवर गेले. कपाटाच्या वरच्या खणापर्यंत हात पोचत नाही, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन गेले. क्वार्टरच्या रेघेत दोन ठिपके करडे आहेत, एक हिरवा. जाड रेघ हिरवी आणि वर सर्व ठीक. साहेब आले, काम बघून म्हणाले की तुम्ही पहिल्यापासून एकट्याने छान सांभाळता. पंपघरात थोरले एकटेच दोन डबे खात होते. मला त्यांनी मूठभर खारे शेंगदाणे दिले.

घरी येऊन कणीक मळली, भांडी घासली, बाहुलीला झोपवलं. कंबर खूप दुखते. हे घर मला एकटीला मोठं आहे.

शेंगदाणा चावताना खालचा दात पडला. धुऊन मुठीत घेतला आणि पळत आत आले. इकडच्या खोलीत बघितलं, तिकडच्या खोलीत बघितलं, व्हरांड्यात बघितलं. तो आधी दाखवायचा होता. कुणालातरी मी हो म्हटलं होतं, तो पडला की सगळ्यात आधी